कॉट बेसिस

तापकीर गल्लीत, वायरींच्या भेंडोळ्यांमागं
माझं पाच बाय सातचं दुकान.
अंगद मस्के आला, औशाचा.
राहायला सदाशिव पेठेत, एका खोलीत चौघं,
कॉट बेसिसवर.
म्हणाला, ताई, जन्मभर टिकेल अशी एसएसडी द्या.
आणि स्वस्त.

म्हटलं, बस. स्टुलावरचा प्रिंटर खाली ठेव.

हे बघ, आत नुसत्या खोल्याच आहेत.
एसएलसी म्हणजे खोलीत एकच भाडेकरू:
भार आहे किंवा नाही,
दार ढकललं की कळतं.
लाखभर वेळा भर, लाखभर वेळा रिकामी कर,
भिंत हूं की चूं करत नाही.
पण ती भोसरीला जाते, यंत्रांच्या पोटात.
तिचं भाडं तुला नि मला झेपायचं नाही.

दोघांच्या खोलीत चार पातळ्या. एमएलसी.
आता मिळतच नाही फारशी, जुन्या सर्व्हरमधून काढलेली
दोन आहेत माझ्याकडे, त्या मी विकत नाही.
तिघांच्या खोलीत आठ.
आणि चौघांच्या, म्हणजे तुझ्याच खोलीत,
सोळा.
इवल्याशा भांड्यावर सोळा खुणा,
आणि अंधारात बोट बुडवून सांगायचं
पाणी नवव्या खुणेला आहे की दहाव्या.
चुकलं तर परत बुडवायचं.
म्हणून ती हळू. म्हणून स्वस्त.

तो हसला. म्हणाला, आमच्यातपण
कोण झोपलंय, कोण नुसतं पडलंय
ते लाईट लावल्याशिवाय कळत नाही.

मी दोन्ही लावून दाखवल्या, शेजारी शेजारी.
चौघांचीवाली आधी सुसाट पळाली.
तो माझ्याकडे बघायला लागला, मी फसवतेय की काय.
थांब, म्हटलं, हा नुसता ओसरीवरचा पाहुणचार आहे.
चाळीस जीबीनंतर ओसरी भरली
आणि आकडा असा खाली आला
जसा पहिल्या आठवड्यानंतर मेसच्या भाजीतला बटाटा.
तिघांचीवाली अजून चालत होती, एका लयीत.

मग त्यानं विचारलं, झिजते कशानं?
पुसण्यानं, म्हटलं.
वाचून वाचून कोणी संपत नाही सहसा.
पण नवं लिहायचं तर आधी जुनं खोडावं लागतं,
आणि एक ओळ खोडायला
आख्खा मजला रिकामा करावा लागतो.
दर वेळी भिंतीचा पोपडा थोडा सुटतो.

तो गप्प.
समोर कुणीतरी फॅनच्या पात्यांचा खोका उतरवत होतं.
मग म्हणाला, मी पुसतोच जास्त.
निबंध लिहितो, खोडतो.
तीन अटेम्प्ट झाले.

मी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
रोजचे तुझे पाच जीबी, तेही जास्तच धरून.
हिची हमी दोनशे टेराबाईटची.
भागिले पाच.
चाळीस हजार दिवस.
एकशे नऊ वर्षं, अंगद. चौघांच्या खोलीतसुद्धा.

म्हणजे माझ्याआधी ही संपणार नाही?
नाही.
त्याला आनंद झाला असं काही दिसलं नाही.
कागद त्यानं माझ्याकडून मागून घेतला,
घडी घालून पाकिटात ठेवला,
आणि स्वस्तवालीच घेतली.

तो पायरी उतरत होता तेव्हा आठवलं,
हाक मारून सांगितलं,
गावी गेलास तर ट्रंकेत टाकून विसरू नको हिला.
वीज नसली की आतला भार हळूहळू पाझरतो,
उन्हाळ्यात तर जास्तच.
अधूनमधून जोडत जा.

कशाला? काही लिहायचं नसलं तरी?

तरी.